दुधाच्या मेसेजमागचं काम : सॉफ्टवेअर घेतलं, पण सांभाळायचं कुणी?

सकाळी संकलन केंद्रावर दूध घालून माणूस घरी पोचायच्या आत खिशातला मोबाईल वाजतो. सभासद नंबर, तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम. दोन-तीन ओळींचा मेसेज. पूर्वी हे सगळं सेक्रेटरीच्या वहीत असायचं आणि वही डेअरीच्या कपाटात. आता आकडा शेतकऱ्याच्या खिशात असतो. दहा दिवसांचं बिल निघालं की घरातली शाळेत जाणारी पोर मेसेज काढून बेरीज मारते, आणि पन्नास रुपयांचा फरक निघाला तरी डेअरीत जाऊन विचारता येतं.

मग एखाद्या दिवशी मेसेज येत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विचारलं तर उत्तरं ठरलेली. "वरून प्रॉब्लेम आहे", "रेंज नाही", "कंपनीला सांगितलंय". आठवडा जातो, महिना जातो, आणि सभासदांनाही मेसेजची सवय मोडते. मेसेज थांबला म्हणजे फक्त एक सोय थांबली असं नाही. फॅट ३.८ लागली की ३.५, याचा शेतकऱ्याच्या हातातला पुरावा थांबला. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो, त्याच्या खालीवर प्रत्येक पॉइंटला पैसे कमी-जास्त होतात. त्यामुळे त्या चार आकड्यांना किंमत आहे.

डेअरी, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, कृषी सेवा केंद्र, ट्रॅक्टरचं शोरूम, सगळीकडे आता ग्राहकाला मेसेज पाठवणारं काही ना काही सॉफ्टवेअर आहे. ते बसवताना नारळ फुटतो, चेअरमनचा फोटो निघतो. पण विहिरीवर मोटार बसवली म्हणून पुढची दहा वर्षं पाणी आपोआप येत नाही, तसंच याचंही आहे. स्टार्टर जळतो, केबल उंदीर खातो, फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकतो. मेसेजच्या यंत्रणेत नेमकं काय काय अडकतं, ते बहुतेक संस्थांत कुणी समजून घेतलेलं नसतं.

मेसेज जातो कुठून कुठे

वजनकाट्यावर आणि फॅट मशिनवर आलेला आकडा केंद्रातल्या संगणकात किंवा छोट्या डबीसारख्या यंत्रात जातो. तिथलं सॉफ्टवेअर त्याचा मजकूर तयार करतं आणि इंटरनेटवरून एसएमएस विकणाऱ्या कंपनीकडे पाठवतं. ती कंपनी तो मोबाईल कंपनीकडे देते. मोबाईल कंपनी तपासून सभासदाच्या फोनवर सोडते. म्हणजे चार हात. चारपैकी कुठलाही एक हात आखडला की मेसेज गेला नाही.

यातला तपासणीचा हात सगळ्यात कडक आहे आणि गावात त्याचीच माहिती सगळ्यात कमी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१८ साली नको असलेल्या व्यापारी मेसेजबद्दल नवे नियम केले. त्यातून डीएलटी नावाची नोंदणी आली. सोप्या भाषेत ही सगळ्या मोबाईल कंपन्यांची मिळून एक सामायिक वही आहे. ज्याला लोकांना घाऊक मेसेज पाठवायचे आहेत त्याने या वहीत स्वतःची नोंद करायची. संस्थेचा पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, अधिकार दिलेल्या माणसाचं पत्र वगैरे द्यायचं. मग संस्थेला एक ओळख क्रमांक मिळतो. त्यानंतर मेसेजच्या वर दिसणारं सहा अक्षरांचं नाव, ज्याला हेडर म्हणतात, ते मंजूर करून घ्यायचं. आणि शेवटी मेसेजचा मजकूरच मंजूर करून घ्यायचा. याला टेम्प्लेट म्हणतात. टेम्प्लेटमध्ये कायमचा मजकूर जसाच्या तसा राहतो आणि बदलणाऱ्या आकड्यांसाठी रिकाम्या जागा ठेवतात.

पुढे प्रत्येक मेसेज त्या मंजूर मजकुराशी ताडून पाहिला जातो. जुळला तर पुढे, नाही जुळला तर तिथेच टाकून दिला जातो. ८ मार्च २०२१ ला ही ताडणी कडकपणे सुरू झाली, तेव्हा मोठमोठ्या बँकांचे ओटीपी देशभर अडकले होते आणि ट्रायला दुसऱ्याच दिवशी आठवड्याभरासाठी ती थांबवावी लागली होती. ज्यांच्याकडे संगणक विभाग आहे, पगारी माणसं आहेत, त्यांची ही गत. मग गावच्या डेअरीचं काय होणार, हे सांगायला नको.

अडचण होते ती अशी. नवीन सेक्रेटरी उत्साही असतो. त्याला वाटतं, मेसेजच्या शेवटी "धन्यवाद" टाकावं, दिवाळीत "शुभ दीपावली" टाकावं. सॉफ्टवेअरमध्ये तो तसा बदल करतो. मेसेज पाठवला असं पडद्यावर दिसतं, एसएमएसचे पैसेही कधी कधी कापले जातात, पण सभासदाकडे काहीच पोचत नाही. कारण "धन्यवाद" मंजूर मजकुरात नव्हतं. एक जागा जास्त सुटली किंवा पूर्णविराम गळाला, तरीही मेसेज अडकू शकतो. मजकूर बदलायचा तर आधी डीएलटीवर नवीन टेम्प्लेट मंजूर करून घ्यायचं, मगच सॉफ्टवेअरला हात लावायचा. हा क्रम उलटा झाला की मेसेज बंद.

दुसरी गफलत वर्गवारीची. जाहिरातीचा मेसेज आणि सेवेचा मेसेज वेगवेगळे नोंदवावे लागतात. दुधाची पावती हा सेवेचा मेसेज आहे. पण नोंदणी करून देणाऱ्याने घाईत तो जाहिरातीच्या खान्यात टाकला, तर दोन गोष्टी होतात. ज्यांनी फोनवर जाहिराती बंद करून घेतल्यात, त्यांना तो जात नाही. आणि जाहिरातीच्या मेसेजला रात्री नऊनंतर सकाळपर्यंत बंदी असते, त्यामुळे सकाळी सातचं दूध घालणाऱ्याला तो वेळेवर मिळत नाही. "अर्ध्या गावाला येतो, अर्ध्याला येत नाही" अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हा खाना बघावा. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावापुढे आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर दिसतं. पी असेल तर जाहिरात, एस असेल तर सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. सभासदालाही हे आपल्या फोनवर दिसतं, त्यासाठी कुणा तज्ज्ञाला बोलवायची गरज नाही.

नियम इथेच थांबलेले नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमध्ये लिंक टाकायची असेल तर ती आधी नोंदवावी लागते, नाहीतर मेसेज अडतो. ११ डिसेंबर २०२४ पासून मेसेज कुठल्या संस्थेकडून निघाला आणि कुठल्या मध्यस्थामार्फत आला, ही साखळी आधीच जाहीर केलेली असावी लागते. याचा अर्थ डेअरीने स्वस्त मिळतं म्हणून एसएमएसची कंपनी बदलली आणि डीएलटीवर नवी साखळी जोडली नाही, तर पहिल्या दिवसापासून सगळे मेसेज बाद. त्याआधी २०२३ च्या फेब्रुवारीत ट्रायने सगळे हेडर आणि टेम्प्लेट पुन्हा तपासायला लावले होते. अशी प्रत्येक सूचना ई-मेलवर येते. कुणाच्या ई-मेलवर, हाच खरा प्रश्न आहे.

चावी कुणाच्या खिशात

गावाकडच्या बहुतेक संस्थांत ही नोंदणी एखाद्या जाणत्या पोराने करून दिलेली असते. बारावी नाहीतर बीएस्सी झालेला, संगणकावर हात बसलेला. त्याने स्वतःचा ई-मेल टाकला, स्वतःचा मोबाईल नंबर टाकला, पासवर्ड स्वतःच्या डोक्यात ठेवला. त्याच्या मनात काही वाईट नसतं, घाईत तेच सोपं पडतं. पुढे त्याला चाकणला किंवा रांजणगावला नोकरी लागते, आणि डेअरीची चावी त्याच्याबरोबर जाते. दोन वर्षांनी लॉगिन करायची वेळ आली की ओटीपी त्याच्या फोनवर. तो शिफ्टमध्ये असतो. कधी नंबर बदललेला असतो. कधी मधल्या काळात गावच्या राजकारणात तो दुसऱ्या पॅनेलचा झालेला असतो, आणि मग तर विचारायलाच नको.

यावरचा उपाय फार तांत्रिक नाही. संस्थेच्या नावाचं एक सिमकार्ड घ्यायचं. ते संस्थेच्या कपाटातल्या साध्या फोनमध्ये ठेवायचं. त्याचं रिचार्ज वीजबिलासारखं दरमहा खर्चात टाकायचं. संस्थेच्या नावाचा एक ई-मेल काढायचा. डीएलटी, एसएमएस कंपनी, सॉफ्टवेअर, व्हॉट्सॲप, सगळ्या ठिकाणी हाच नंबर आणि हाच ई-मेल. पासवर्ड एका कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, वर सही-शिक्का मारून तिजोरीत ठेवायचा. पासवर्ड कागदावर लिहू नये असं शहरातले लोक सांगतात, पण ज्या तिजोरीत सभासदांच्या ठेवीच्या पावत्या राहतात, त्या तिजोरीत एक पाकीट राहायला हरकत नाही. एका माणसाच्या डोक्यात राहण्यापेक्षा ते बरं.

संचालक मंडळ पाच वर्षांनी बदलतं. चार्ज देताना रोख शिल्लक, चेकबुक, शिक्के, दप्तर यांची यादी होते. त्या यादीत या पाकिटाची एक ओळ वाढवली पाहिजे. आणि चेअरमन किंवा सेक्रेटरी बदलला की डीएलटीवरचा अधिकृत माणूसही बदलून घ्यायचा, बँकेत सही बदलतो तसाच.

आणखी एक खाचखळगा आहे. काही ठिकाणी सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो, "तुम्ही कशाला नोंदणीच्या भानगडीत पडता, आमच्या नावाने पाठवतो." ऐकायला गोड लागतं. पण मग मेसेजवर डेअरीचं नाव नसतं, विक्रेत्याचं असतं, आणि त्याच्याशी वाजलं की सगळं एका दिवसात थांबतं. नोंदणी संस्थेच्याच नावाने हवी. करून देणारा कुणीही असो, पैसे घेऊन करू दे.

मराठी मेसेज आणि सत्तर अक्षरं

हा मुद्दा पैशाचा आहे आणि डेअरीच्या खर्चात तो लपून बसतो.

रोमन लिपीतला एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरीत मात्र ७० अक्षरांचाच. त्यापेक्षा लांब झाला की तो ६७-६७ अक्षरांच्या तुकड्यांत मोडतो आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे लागतात. शिवाय मोजणी आपल्यासारखी होत नाही. आपण "दूध" दोन अक्षरं म्हणतो, यंत्र तीन मोजतं, कारण ऊकार वेगळा धरतं. "रक्कम" पाच होतात. "शिल्लक" सहा. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं.

हिशेब करून बघा. तीनशे सभासदांची डेअरी, दिवसातून दोन वेळा, म्हणजे रोजचे ६०० मेसेज, महिन्याला १८,०००. मजकूर ७० च्या आत बसला तर १८,००० चे पैसे. ७५ झाला तर ३६,००० चे. पाच अक्षरांसाठी खर्च दुप्पट. आणि हे बिलात कुठे लिहून येत नाही, फक्त "क्रेडिट संपले" असं दिसतं. मग चेअरमनला वाटतं कंपनी लुबाडते, कंपनी म्हणते तुमचे मेसेज जास्त गेले.

काही डेअऱ्या म्हणून रोमन लिपीत मराठी लिहून पाठवतात. तिथेही एक पाचर आहे. सगळा मजकूर रोमन, पण रकमेपुढे रुपयाचं नवं चिन्ह टाकलं, तर त्या एका चिन्हामुळे पूर्ण मेसेज सत्तरच्या हिशेबात जातो. तिथे साधं आरएस लिहावं. पण खरं सांगायचं तर दुधाच्या सभासदांत कितीतरी बायका आहेत, वयस्कर माणसं आहेत, ज्यांना देवनागरीच वाचता येते. त्यांच्यासाठी मेसेज देवनागरीतच हवा. तो आवरून लिहायचा. "आपल्या दूध संकलनाचा तपशील खालीलप्रमाणे" हे वाक्य कुणी वाचत नाही, तेच आधी काढून टाकावं. "लि", "फॅट", "दर", "रु" एवढं पुरे. नमुना कागदावर लिहून, मात्रा-वेलांटीसकट मोजून, मगच मंजुरीला टाकावा. आकडे बदलतात हेही धरावं. ९ लिटरला एक अंक लागतो, १२.५ ला पॉइंट धरून चार जागा.

नंबर बदलतात, माणसंही

सॉफ्टवेअर ठीक, नोंदणी ठीक, तरी मेसेज चुकीच्या माणसाला जाऊ शकतो. पाच वर्षांपूर्वी भरलेले मोबाईल नंबर आज किती खरे आहेत? कुणी रिचार्ज केलं नाही म्हणून सिम बंद झालं. कुणी पोराचा नंबर दिला होता, पोरगा पुण्याला गेला, मेसेज त्याला जातो आणि आईला फॅट कळत नाही. कुणी सभासद वारला, खातं वारसाच्या नावावर झालं, नंबर जुनाच राहिला.

बंद झालेला नंबर मोबाईल कंपनी किमान ९० दिवस कुणाला देत नाही. त्यानंतर मात्र तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. म्हणजे दुधाचा पगार किती जमा झाला, पतसंस्थेत शिल्लक किती, कर्जाचा हप्ता किती थकला, हे सगळं एका अनोळखी माणसाच्या फोनवर जातं. दुधाच्या आकड्यात फार काही बिघडत नाही, पण पतसंस्थेच्या मेसेजमध्ये बिघडू शकतं. कायमच्या बंद केलेल्या नंबरांची यादी असते, तिला एमएनआरएल म्हणतात. बँकांनी ती वापरून आपले नंबर साफ करावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, त्यांना ते परिपत्रक थेट लागू नाही. पण धोका तर त्यांनाही तोच आहे.

गावात यापेक्षा सोपा मार्ग आहे. वर्षातून एकदा, वार्षिक सभेच्या नोटिसा वाटताना, प्रत्येक सभासदाकडून नंबर विचारून रजिस्टरला सही घ्यायची. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, नोटीस घरोघर जातेच. शिपायाला तेवढंच एक काम जास्त. त्याशिवाय एसएमएस कंपनीच्या पॅनेलवर प्रत्येक मेसेजचा निकाल दिसतो. पोचला, नाही पोचला, नंबर अस्तित्वात नाही, टेम्प्लेट जुळत नाही. महिन्यातून एकदा ही यादी काढून ज्यांचे मेसेज सलग परत येतात त्यांची नावं फळ्यावर लावली, तर माणसं स्वतः येऊन नंबर बदलून जातात. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण कुणाचं, ते नेमून दिलेलं नसतं.

माहितीचा कायदाही आता आला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. सभासदाचा नंबर कशासाठी घेतला हे त्याला सांगणं, त्याने म्हटलं तर दुरुस्त करणं, आणि तो जपून ठेवणं, हे त्यातलं गावपातळीवर लागणारं सार. सभासदांची यादी निवडणुकीच्या प्रचाराला किंवा खत कंपनीच्या माणसाला पेनड्राइव्हवर देण्याची जी पद्धत आहे, ती यात बसत नाही.

व्हॉट्सॲपवर भागत नाही का?

हा प्रश्न प्रत्येक सभेत निघतो. फुकट आहे, फोटो जातो, आवाजही जातो. थोडंफार भागतं. उद्या डॉक्टर येणार, पेंडीची गाडी आली, लसीकरण आहे, अशा सूचनांना व्हॉट्सॲप चांगलंच. पण प्रत्येकाचा वेगळा आकडा रोज दोनदा पाठवायला साधं व्हॉट्सॲप कामाचं नाही. ग्रुपवर टाकलं तर सगळ्या गावाला सगळ्यांची फॅट दिसते, आणि त्यावरून जी भांडणं होतात ती वेगळीच. ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते आणि ज्याने डेअरीचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. वरून सगळ्यांना एकच मजकूर.

व्यवसायासाठीचं मोठं व्हॉट्सॲप आहे, जे थेट सॉफ्टवेअरला जोडता येतं. त्यालाही टेम्प्लेट मंजुरी लागते आणि १ जुलै २०२५ पासून तिथे मेसेजमागे पैसे मोजले जातात. म्हणजे तेही फुकट नाही आणि तेही सांभाळावं लागतंच.

साधं बिझनेस व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांनी दोन आकडे ध्यानात ठेवावेत. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही की संगणकावर जोडलेलं व्हॉट्सॲप आपोआप निघून जातं. आणि १२० दिवस वापर नसला तर खातंच पुसलं जाऊ शकतं. कपाटातला तो फोन आठवड्यातून एकदा चार्ज करून सुरू करायचा, एवढी शिस्त लागते. सहा अंकी पिनही लावून ठेवावा, म्हणजे सिम दुसऱ्याच्या हाती गेलं तरी खातं लगेच जात नाही.

संगणकाचं दुखणं

केंद्रातला संगणक धुळीत, पाण्याच्या शिंतोड्यात, लोडशेडिंगमध्ये चालतो. त्याच्या आत रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. चार-पाच वर्षांनी तो संपतो. मग लाइट गेली की संगणकाची तारीख मागे जाते. पावतीवर जुनंच साल छापून येतं. एवढंच नाही, तारीख चुकली की इंटरनेटवरचं सुरक्षित कनेक्शन जुळत नाही आणि मेसेजही निघत नाहीत. यावर इंजिनिअरच्या फेऱ्या होतात, फॉरमॅट मारलं जातं, आणि दुखणं असतं घड्याळाच्या दुकानातही मिळणाऱ्या सेलचं. मेसेज थांबले की पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख आधी बघावी.

विंडोज १० ची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला कंपनीने थांबवली. गावोगावच्या डेअऱ्यांत अजून तेच, किंवा त्याहून जुनं चालू आहे. लगेच काही बंद पडत नाही, पण ज्या संगणकावर सभासदांचे पैसे आणि नंबर आहेत, त्यावर सिनेमा उतरवणं आणि येईल तो पेनड्राइव्ह लावणं तरी थांबवायला हवं.

बॅकअप घेतात, पण ज्या पेनड्राइव्हवर घेतात तो त्याच टेबलाच्या खणात असतो. वीज पडली, चोरी झाली, पाणी शिरलं, तर दोन्ही जातात. आठवड्याचा एक बॅकअप सेक्रेटरीच्या घरी आणि महिन्याचा एक चेअरमनच्या घरी. सहा महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उघडूनही बघायचा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न पेरलेलं बियाणं, उगवेल की नाही ते सांगता येत नाही.

करारात काय बघायचं

सॉफ्टवेअरचा वार्षिक देखभाल करार करताना चर्चा होते ती फक्त रकमेवर. हजार-दोन हजार कमी करून घेतले की सभेत टाळ्या. त्यापेक्षा चार गोष्टी लिहून घ्याव्यात. बिघाड कळवल्यावर किती तासांत माणूस येणार किंवा लांबून दुरुस्त करणार. सगळी माहिती एक्सेलमध्ये केव्हाही काढून मिळेल का. सरकारी नियम बदलला तर सॉफ्टवेअरमधला बदल करारात धरला आहे की वेगळे पैसे. आणि करार संपल्यावर जुना डेटा कुणाचा. यातली शेवटची सगळ्यात महत्त्वाची. दहा वर्षांच्या दुधाच्या नोंदी विक्रेत्याच्या कुलपात अडकल्या की दरवर्षी तो मागेल तो दर द्यावा लागतो.

एसएमएसचे पैसे आधी भरावे लागतात. ते संपत आल्याची सूचना सेक्रेटरी आणि चेअरमन दोघांच्याही फोनवर यावी अशी सोय बहुतेक ठिकाणी असते, फक्त सुरू केलेली नसते. यातला एक मेसेज मात्र सॉफ्टवेअरच्या हातात नाही. काट्यावर जे वजन आलं आणि मशिनने जी फॅट दाखवली, तेच तो सांगणार. काट्याला वैधमापनचा शिक्का आहे का, हे बघण्याचं काम मेसेज करत नाही.

सभासदाने काय करायचं

मेसेज दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी छापील पावती मागून घ्यावी आणि तक्रार तोंडी न ठेवता वहीत लिहावी. आपला मेसेज नेहमी कुठल्या नावाने येतो ते पाठ करून ठेवावं. दहा अंकी साध्या नंबरवरून "तुमचं दुधाचं अनुदान जमा झालं, ही फाइल उघडा" असं आलं, तर ते डेअरीचं नाही. पीएम किसानच्या नावाने एपीके फाइल पाठवून फोन ताब्यात घ्यायचे प्रकार खेड्यांत होतात. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करायचा, नुसत्या त्रासदायक जाहिरातींसाठी १९०९.

येत्या सभेत विषयपत्रिकेवर "आयत्या वेळचे विषय" असतीलच. तेव्हा एवढंच विचारावं, की डेअरीचं डीएलटी लॉगिन कुणाच्या मोबाईल नंबरवर आहे आणि तो माणूस आज डेअरीत कामाला आहे का. उत्तर लगेच मिळालं तर चांगलं. सेक्रेटरीने चेअरमनकडे आणि चेअरमनने सेक्रेटरीकडे बघितलं, तर ठराव त्याच सभेत करून घ्यावा : संस्थेच्या नावाचं सिम, संस्थेच्या नावाचा ई-मेल, आणि महिन्यातून अर्धा तास न पोचलेल्या मेसेजची यादी काढणाऱ्या माणसाचं नाव.